दहा पावलं

१

रत्नाकर बोकरेच्या आठवड्यात खरा वार एकच होता, रविवार. बाकीचे सहा दिवस तोफांच्या कारखान्याच्या भोंग्याच्या मालकीचे. चीनची लढाई संपून अडीच वर्षं झाली तरी ओव्हरटाइम काही संपला नव्हता, आणि आता एप्रिल पासष्टमध्ये कच्छकडून पुन्हा कुरबुरीच्या बातम्या येत होत्या. पण रविवारी पहाटे तो सायकल काढायचा, पाटनच्या रस्त्याला लागायचा आणि सात मैलांवरच्या त्या मुरमाड मैदानावर पोचला, की त्याला आपण माणसात आल्यासारखं वाटायचं. तिथे ग्लायडर क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर पत्र्याची एक शेड, तारेनं ग्लायडर ओढून आकाशात फेकणारी एक विंच, आणि उघड्या बैठकींचं एकुलतं एक ग्लायडर.

रत्नाकर स्वतः कधी उडाला नाही. त्याचं काम पंख धरायचं. ग्लायडरला इंजिन नसतं, आणि चाक एकच, पोटाखाली. त्यामुळे जमिनीवर ते आपलं आपण सरळ उभं राहत नाही. कोणी पंखाचं टोक धरलं तर समतल, सोडलं की एक पंख कलंडतो आणि त्याचं टोक टक् असा आवाज करत जमिनीला टेकतं. उडताना धरायला माणूस लागतो आणि उतरल्यावर तर लागतोच लागतो. वारा झोतांचा असला की थांबलेल्या ग्लायडरच्या पंखाखाली घुसतो आणि सगळं धूड पालथं घालतो. म्हणून नियम होता: पंख धरणारा धावत जाणार, टोक पकडणार, ‘धरलं!’ म्हणून ओरडणार. मगच आत बसलेल्यानं पट्टा सोडून बाहेर यायचं.

त्या रविवारी दहाच्या सुमाराला वारा उठला. क्लबचे इन्स्ट्रक्टर तिवारीसाहेब एका विद्यार्थ्याला घेऊन उतरले. ग्लायडर दोनदा उसळलं, घसटत गेलं, थांबलं. रत्नाकर पन्नास-साठ पावलांवरून धावत सुटला. धावता धावता तो सवयीनं त्या टक् आवाजाची वाट पाहत होता.

आवाज आलाच नाही. ग्लायडर दोन्ही पंख पसरून समतल उभं होतं, आणि पंखापाशी कोणी नव्हतं.

रत्नाकर जवळ आला. अगदी जवळ, आठ-दहा पावलांवर. तेव्हा तो पंख हळूच खाली आला. पडला नाही. कोणीतरी ओझं जपून खाली ठेवावं, तसा टेकला.

तिवारीसाहेब तोवर उतरून पँट झटकत होते. “क्यों रतन भैया,” ते म्हणाले, “आवाज तो दे दी, हाथ काहे नहीं लगाया?”

रत्नाकरनं आवाज दिलेला नव्हता.

२

आवाज न देण्याचं त्याला कारण होतं, आणि ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

रत्नाकर कारखान्यात क्रेनखाली काम करायचा. वरून लोखंडी धूड झुलत येतं, खालचा माणूस हात वर करतो आणि ‘धरलं!’ म्हणतो. खरं म्हणजे हात लागायच्या आधीच म्हणतो, कारण अर्ध्या क्षणात हात लागणारच असतो, आणि तेवढ्यात वरचा पुढच्या कामाला मोकळा होतो. अशानंच दिवसाचे नग पुरे होतात. वीस वर्षं त्यानं हेच केलं. कोणाचं नख दुखावलं नाही.

हीच सवय तो मैदानावर घेऊन आला. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात त्याचा जिवाभावाचा मित्र चंद्रशेखर देव ग्लायडर घेऊन उतरला. वारा उठलेला, रांगेत सहा पोरं खोळंबलेली, तिवारीसाहेब घाई करत असलेले. रत्नाकर धावत होता. दहा पावलं उरली असताना त्यानं ओरडून टाकलं, “धरलं!” दहा पावलं म्हणजे किती? तीन श्वास. चंद्रशेखरनं पट्टा सोडला, उभा राहिला, एक पाय बाहेर टाकला, आणि पंख वर गेला. ग्लायडर त्याच्यावर पालथं झालं. मान मोडली. रत्नाकरचे दोन्ही हात पुढे पसरलेलेच राहिले.

चौकशीत सगळ्यांनी सांगितलं, की रत्नाकर धावत होता. झोत अचानक आला, कोणाचा दोष नाही. चंद्रशेखरची बायको विनता रडता रडता म्हणाली, “भावजी, तुम्ही तरी काय करणार होते जी?” आणि रत्नाकर गप्प बसला. एकदा गप्प बसलेल्या माणसाला पुढे बोलायला तोंड राहत नाही, तसं त्याचं झालं. रक्तानं माखलेला खाकी सदरा त्यानं घरी आल्या आल्या पाणी तापवायच्या बंबात घातला. डाव्या खांद्यावर उसवलेला तो सदरा त्याच्या बायकोनं, इंदूनं, खाकी दोरा नव्हता म्हणून निळ्या दोऱ्यानं शिवला होता. इंदू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिची तेवढीच शिवण उरली होती, ती त्यानं जाळली.

त्या दिवसापासून दोन्ही हात लाकडाला लागल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला होता.

३

अधारतालच्या अलीकडे कारखान्याच्या मजुरांची बैठी घरं होती, त्यांतलं शेवटचं रत्नाकरचं. एक खोली, मागे मोरी आणि पुढे थेट गल्ली. उंबऱ्यापासून दहा पावलांवर सरकारी नळ. संध्याकाळी वारा सुटला की गल्लीतली सगळी दारं धाडधाड आपटायची आणि बायका आतूनच कोकलायच्या, “अगं, कडी लाव ना!”

रत्नाकरचं दार आपटत नसे.

हे त्याच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली, कारण न होणारा आवाज ध्यानात येतो कधी? त्या रविवारच्या संध्याकाळी, जेवायला बाहेर पडायच्या आधी खाटेवर बसल्या बसल्या, त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. शेजारचं दार आपटलं. समोरचं आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून उलटं झालं. आणि त्याचं दार अर्धवट उघडं, कोणी हातानं दाबून धरल्यासारखं स्थिर होतं. त्यानं उठून बिजागरीला बोट लावलं. तेल घातलेली, सैल बिजागरी होती. त्यानं करंगळीनं फळी ढकलली, तर ती ढकलली जाईना. पलीकडून तेवढाच जोर आला.

“उतार असेल जमिनीला,” तो मोठ्यानं म्हणाला. एकट्या माणसाला स्वतःशी मोठ्यानं बोलायची खोड असते. आपलाच आवाज ऐकून मात्र तो दचकला.

रत्नाकर मापाचा माणूस होता. भुताखेताला मानायचा नाही. पुढच्या तीन रविवारी त्यानं माप घेतलं. वाऱ्यात ग्लायडर उतरलं की तो धावायचा आणि बारा पावलांवर थबकायचा. पंख समतल. अकरा, समतल. दहाव्याला पाऊल टाकलं, की पंख खाली. दरवेळी दहाच. वारा पडलेला असला, की काहीच नाही, ग्लायडर शहाण्यासारखं कलंडायचं. त्यानं मनाला समजावलं, पंखाखाली हवा कोंडत असेल, माणूस जवळ आला की झोत अडत असेल. पण रत्नाकर काही दहा पावलांवरून वारा अडवण्याएवढा आडवा नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

खरं कारण त्याला झोपेच्या आधी सुचलं आणि मग झोप आली नाही. चंद्रशेखर गेला त्या दिवशी रत्नाकरचा ‘धरलं’ हा शब्द त्याच्या दहा पावलं पुढे गेला होता. तो शब्द तिथे पोचला, पंखाला भिडला, आणि परत काही आला नाही. तेव्हापासून तो रत्नाकरच्या पुढेच होता. जिथे तिथे आधी पोचून, जे धरायचं ते धरून बसलेला. आणि धनी दहा पावलांवर आला, की हातातलं टाकून निघून जाणारा.

४

दर रविवारी संध्याकाळी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याच्या वस्तीत, विनतावहिनींकडे जेवायला जायचा. सगळ्या आठवड्यात तेवढंच एक ताट कोणीतरी त्याच्यासाठी वाढायचं. तिथे चंद्रशेखरची मुलगी शैलजा असायची. वय एकोणीस, कॉलेजात, आणि बापासारखीच एका जागी न टिकणारी. आईच्या नाकावर टिच्चून ती गेल्या पावसाळ्यानंतर क्लबात दाखल झाली होती.

“काका, पुढच्या रविवारी माझं सोलो,” तिनं त्या तिसऱ्या रविवारी भाकरी मोडता मोडता सांगितलं. “तिवारी सर म्हणाले, अब अकेली जाओ.”

रत्नाकरचा घास हातातच राहिला. “वारा उठतो बेटा आजकाल. पाऊस पडून गेला की कर ना.”

“सकाळी सहाला कुठला वारा? काहून भिऊन राहिले तुम्ही?”

तो पानावरून उठल्यावर विनतावहिनी त्याच्या मागोमाग अंगणात आल्या. “ती ऐकायची नाही भावजी. तिच्या बापानं तरी कुठे ऐकलं? पण पंखाला तुम्हीच असाल ना? दुसऱ्या कोणाच्या हाती नका देऊ जी. तुम्ही आहात म्हणून मी तिला जाऊ देऊन राहिली.”

त्या क्षणी सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण आत शैलजा गुणगुणत ताटं उचलत होती, आणि सांगितल्यावर या घरातलं आपलं पान कायमचं उठणार हे त्याला लख्ख दिसत होतं. माणूस एका पानासाठी किती भ्याड होतो, हे ज्यानं सहा दिवस एकट्यानं जेवून पाहिलं त्यालाच कळेल.

“मीच असेन,” तो म्हणाला.

५

सहाला उडायचं होतं, पण विंचची तार तुटली. ती जोडता जोडता नऊ वाजून गेले. शैलजा वर गेली तेव्हा मात्र पान हलत नव्हतं. रत्नाकरनं पंख धरून चार पावलं धावत तिला सोडलं, आणि ती बापाच्याच ऐटीत मागे न बघता गेली.

पाचव्या मिनिटाला वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा खांबावर एकदम ताठ झाला, लगेच लोळला, पुन्हा दुसऱ्या अंगाला ताठ झाला. मैदानाच्या कडेनं धुळीचा एक पट्टा धावत आला. शेडचे पत्रे वाजू लागले. तिवारीसाहेबांनी हातातला पेला टाकून आभाळाकडे पाहिलं.

ती आली. एक पंख खाली, मग दुसरा. जमिनीला लागली आणि झोतानं पुन्हा उचलली, नेहमीची जागा ओलांडून पार मैदानाच्या टोकाला, महुआच्या झाडांपर्यंत गेली. बाकी सगळे विंचपाशी, अर्ध्या मैलावर. रत्नाकर तेवढा त्या अंगाला होता. वारा उठताच तो तिकडे पळत सुटला होता. ग्लायडर थांबलं. त्यानं कान दिला.

टक् आलं नाही. दुसरंच आलं.

“धरलं!”

आवाज त्याचा होता. दोन वर्षांपूर्वीचा, जरा धाप लागलेला, जरा घाईतला.

त्यानं शैलजाचा हात पट्ट्याकडे जाताना पाहिला. “बसून राहा!” तो जिवाच्या आकांतानं ओरडला. “शैला, उतरू नको!” वारा समोरून होता, शब्द त्याच्याच तोंडात परत कोंबले गेले. ती उभी राहिली. एक पाय बाहेर टाकला. ग्लायडर तिच्या वजनानं जरासुद्धा डुललं नाही, इतकं घट्ट कोणी ते धरलं होतं.

वीस पावलं. पंधरा. आणि त्याच्या पायांना अक्कल आली.

अजून पाच पावलं पुढे गेलो तर तो सोडणार. दरवेळी सोडतो. आणि आज वर झोत आहे, आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर आहे.

रत्नाकर थांबला. वीस वर्षं ज्या हातांनी धरलं ते त्यानं अंगाशी आवळून घेतले आणि तो जमिनीत रोवल्यासारखा उभा राहिला. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं.

शैलजाचा मागचा पाय पट्ट्यात अडकला होता. तिनं वाकून ओढला, निघेना. मान वर करून तिनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “काका! या ना, पाय फसला!”

तो हलला नाही.

“काका, काहून थांबले? या ना जल्दी!”

त्याचं पाऊल उचललं गेलं आणि त्यानं ते परत होतं तिथेच ठेवलं. धुळीचा लोट आला आणि ग्लायडरवरून गेला. पंखाच्या टोकापाशी मात्र धूळ गेली नाही. ती दुभंगून दोन अंगांनी वळसा घालून गेली. मध्ये जेवढी जागा उरली, तेवढ्यात एक पाठ होती. खाकी सदरा, कण्यावरून घामाचा पट्टा. डाव्या खांद्यावर निळ्या दोऱ्याची शिवण. मान खाली घालून, पाय रोवून, अंगातला सगळा जोर लावून तो धरत होता. त्यानं तोंड फिरवलं नाही. फिरवू नये एवढीच रत्नाकरनं देवाकडे भीक मागितली.

शैलजानं पट्ट्याला हिसका दिला, जोडा आतच राहिला, पाय सुटला. ती खाली उडी मारून अनवाणी एका पायानं लंगडत ग्लायडरच्या नाकाच्या पुढून निघाली. पंधरा पावलं, वीस पावलं, पंखाच्या पार पलीकडे. ती रत्नाकरच्या मागे जाऊन उभी राहिली तेव्हा तो हळूच म्हणाला, “सोड बाबा आता.”

पंख वर गेला. ग्लायडर कडकडत पालथं झालं आणि ज्या बैठकीत ती मघाशी उभी होती, ती जमिनीत गाडली गेली.

६

माणसं धावत आली. सगळ्यांनी लांबून एकच पाहिलं होतं: पोरगी अडकली होती आणि रत्नाकर पंधरा पावलांवर हात आवळून उभा होता.

“पत्थर हो गए थे क्या?” तिवारीसाहेब ओरडले. मग त्यांनीच तोंड फिरवलं. घाबरलेल्या म्हाताऱ्याला काय बोलायचं, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

शैलजानं रत्नाकरकडे सरळ पाहिलं. “बाबांच्या वेळेला पण तुम्ही असेच उभे राहिले होते का?”

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण जे खरं सांगायचं ते दोन वर्षं तुंबलं होतं.

“नाही बेटा. त्या दिवशी मी धावत होतो. पण पोचायच्या आधीच धरलं म्हणून ओरडलो. तुझा बाप माझ्या शब्दावर उतरला.”

दुसरा जोडाही काढून तिनं हातात घेतला आणि मुरमावरून चालत शेडकडे गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. रत्नाकरला वाईट वाटलं, आणि ती आपल्या पायांनी चालत जात होती म्हणून सुखही वाटलं. दोन्ही इतकं एकदम वाटलं, की तो खाली बसला.

संध्याकाळी तो गढ्याला गेला नाही. त्याला कोणी बोलवायलाही आलं नाही.

दिवेलागणीला वारा पुन्हा उठला. गल्लीतली दारं आपटू लागली, आणि त्यांच्या जोडीनं त्याचंही आपटलं. धाड. तो खाटेवरून उडालाच. धाड. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे तो धरणाराही गेला. ज्याची त्याला एवढी भीती वाटायची, तो गेल्यावर खोली किती मोठी आहे हे त्याला कळलं. आता त्याच्यासाठी काही धरून ठेवणारं या जगात कोणी नव्हतं.

किती वेळ तो आवाज ऐकत बसला कोण जाणे. मग उठून दारापाशी गेला. कडी लावायची होती. पण त्यानं दोन्ही हातांनी फळीची कड धरली. जोराचा झोत आला, त्यानं पाय रोवले, खांदा दिला, मान खाली घातली. दार थांबलं. हाताला लाकूड लागलं होतं, नीट, खरं, आणि म्हणून तो म्हणाला, “धरलं.”

तेव्हा गल्लीच्या टोकाकडून कोणीतरी धावत येताना ऐकू आलं. जिवाच्या आकांतानं धावणारी, जडशी, त्याच्या स्वतःच्याच चालीची पावलं. ती जवळ जवळ आली आणि नळापाशी थबकली.

दारापासून नळ दहा पावलांवर होता. तिथे कोणीतरी उभं राहून धापा टाकत होतं, आणि पुढे येत नव्हतं. रत्नाकरनं मान वर केली नाही. वारा अजून पडला नव्हता, आणि त्याला दार सोडता येत नव्हतं.